खिरापतीचे डोनट

गुडगाव, १७ जून २०१२

तनया,

आशीर्वाद आहेतच, ते रागालोभावर अवलंबून नसतात, तेव्हा ते गृहीत धरून पुढे वाच. हे पत्र घरगुती नाही. तुझ्या कंपनीविरुद्ध तक्रार आहे. तुमच्या दुकानात सूचनांची एक गुलाबी पेटी ठेवली आहे ती मी पाहिली, पण पेटीत चिठ्ठी टाकून काही होत नाही हे मला सरकारी नोकरीने चांगलं शिकवलं आहे. तक्रार नाव घालून, माणसाला उद्देशून करावी. तुमच्या कंपनीत माझ्या ओळखीची एकच व्यक्ती आहे, आणि ती चंदीगडच्या शाखेत शिफ्ट मॅनेजर आहे असं तुझी आई सांगते.

झालं असं की शुक्रवारी सोसायटीची लाइट गेली आणि जनरेटरचं डिझेलही संपलं. आई म्हणाली, मॉलमध्ये जाऊन बसा, तिथे एसी असतो, इथे माझ्यावर चिडू नका. म्हणून गेलो. पहिल्या मजल्यावर तुमच्या ‘मॉर्निंग लूप’ची पाटी दिसली म्हणून आत शिरलो. मुद्दाम गेलो नव्हतो, याची नोंद असावी.

तर तक्रारी. मी एक कॉफी मागितली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, छोटी की मोठी, गरम की ठंडी, दूध कोणतं, वर क्रीम हवं का, सोबत काय घेणार, इथेच पिणार की नेणार. बढतीच्या वेळी मला एवढे प्रश्न विचारले नव्हते. मी म्हटलं, बेटा, जो सबको देती हो वही दे दो. सोबत डोनट आला. बालूशाहीला मध्ये भोक पाडून वर रंग दिला तर जे होईल ते. चवीला वाईट नव्हता, पण त्याला एवढं कौतुक कशाला ते समजलं नाही.

तिसरी तक्रार जरा वेगळी आहे. खाऊन झाल्यावर मी प्लेट उचलली आणि हात धुवायची जागा शोधायला लागलो. ती मुलगी धावत आली, ‘सर, रहने दीजिए, मैं उठाती हूँ’ म्हणाली, माझ्या हातातली उष्टी प्लेट घेतली आणि टेबल पुसलं. छातीवर अलकनंदा नावाची पट्टी होती. तुझ्याच वयाची असेल. मी बाहेर येऊन एस्केलेटरपाशी बराच वेळ उभा राहिलो. गुडघा दुखत होता म्हणून.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. आई तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी बाल्कनीत जाऊन बसतो हे तुला ती सांगत असेलच. फोनवर माझा आवाज चढतो. पत्रात चढत नाही, म्हणून पत्र.

बाबा


गुडगाव, ८ जुलै २०१२

तनया,

उत्तर मिळालं. ‘आदरणीय ग्राहक, आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत. आपली सेवा करण्याची संधी पुन्हा द्यावी.’ खाली सही, तनया कारखानीस, चंदीगड. वा. मी नोकरीत असताना असलीच उत्तरं खासदारांना पाठवायचो. आईला वाचून दाखवलं तर ती पदर तोंडावर धरून हसत सुटली आणि म्हणाली, अगदी बापावर गेली आहे. मला राग आला होता, पण पाकीट टाकून दिलं नाही. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, निदान सहीपुरतं.

तर ग्राहकाने पुन्हा संधी दिली. आता मी तिथे आठवड्यातून दोनदा तरी जातो. कोपऱ्यातल्या टेबलावर पेपर घेऊन बसतो. अलकनंदा आता प्रश्न विचारत नाही, मला पाहिलं की ‘अंकल, वही?’ म्हणते आणि मी मान हलवतो. ती उत्तराखंडातल्या गढवालची, चमोलीकडची. डोनट रोज घेऊ नये असं ती मला बजावते, तिच्या आजोबांनाही साखर होती म्हणे. माझी साखर जरा वर गेली आहे, आईला सांगू नकोस.

एक गोष्ट मला पहिल्या दिवशी दिसली नव्हती, ती आता दिसते. तुमच्या काउंटरच्या आत खुर्ची नाही. एकही नाही. मी गिऱ्हाईक म्हणून तासभर ऐसपैस बसतो आणि ती पोरगी सकाळपासून उभी. मी लिपिक म्हणून लागलो तेव्हाही मला खुर्ची होती, डुगडुगती का होईना. पुढे पाठीला टॉवेल टाकलेली खुर्ची मिळाली तेव्हा आपण केवढे पेढे वाटले होते, तुला आठवणार नाही, तू बालवाडीत होतीस. मी अलकनंदाला विचारलं, पाय दुखत नाहीत का? ती म्हणाली, ‘पहले महीने रोती थी अंकल, अब आदत है.’ घरी आल्यावर मी आईला विचारलं की तू पहिल्या महिन्यात रडायचीस का. आई खाली मान घालून भाजीच निवडत बसली. म्हणजे रडायचीस.

काल एक टाय लावलेला तरुण तिच्यावर ओरडला, कारण कॉफीत साखर घातली होती आणि त्याला नको होती. ओरडला म्हणजे चुटक्या वाजवून, ‘ओ हॅलो, ध्यान कहाँ है’ असं. तिने सॉरी सर म्हटलं, दुसरी कॉफी दिली आणि वर हसली. मला उठून त्याचं बखोट धरावंसं वाटलं. धरलं नाही, गुडघा. पण मोठ्याने म्हटलं, भाईसाहब, कॉफी ठंडी करके पीजिए, दिमाग़ भी ठंडा होगा. तो माझ्याकडे पाहत निघून गेला.

तुझ्याशी असं कोणी बोलतं का? याचं उत्तर छापील नको.

बाबा


गुडगाव, १२ ऑगस्ट २०१२

तनया,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. आजचं पत्र तक्रारीचं नाही, तेव्हा नीट बसून वाच. बसायला मिळत असेल तर.

परवा तुझा फोन चालू असताना पाऊस आला म्हणून मी बाल्कनीतून आत आलो. आई स्पीकरवर बोलत होती. चोरून ऐकणं माझ्या स्वभावात नाही, पण स्वतःच्याच घरात कानात बोळे घालून हिंडायचं का? ऐकलं ते असं. आपल्या सोसायटीच्या गेटाला लागून जे नवं मार्केट होतंय तिथे मॉर्निंग लूप दुकान उघडणार आहे, आणि कंपनीने तिथली स्टोअर मॅनेजरची जागा तुला देऊ केली आहे. पूर्ण दुकान तुझ्या हाती. आणि तू नको म्हणणार आहेस. सप्टेंबरअखेरपर्यंत कळवायचं आहे, आणि तू आईला म्हणालीस, ‘यार आई, मी तिथे ट्रे उचलणार आणि बाबा समोरून जाताना मान फिरवणार. रोज. मला नाही जमणार.’

मी पुन्हा बाल्कनीत गेलो. पाऊस होता तरी गेलो.

दोन वर्षांपूर्वी काय झालं ते आपण दोघांनी कधी कुणाला पूर्ण सांगितलं नाही. आईला वाटतं भांडण नोकरीवरून झालं. परीक्षा पास होऊन दिल्लीतल्या मंत्रालयातली असिस्टंटची नेमणूक आलेली, आणि तू ती नाकारून या कंपनीत लागलीस, त्यावरून. पण तू घर सोडून आधी दिल्लीत मुनिरकाला भाड्याच्या खोलीत निघून गेलीस ती त्यावरून नव्हे. मी म्हटलं होतं, ‘लोकांची उष्टी काढायला तुला एवढं शिकवलं का?’ आणि तू म्हणाली होतीस, ‘गणपतीत मंडळाच्या पंगतीत तुम्ही काढता तेव्हा ती सेवा होते का?’

खरंच की. मंडळात दर वर्षी मी कमरेला उपरणं बांधून वाढतो. जिलबीचा आग्रह माझ्यासारखा कुणी करत नाही. आणि पंगत उठली की पत्रावळी उचलायलाही मीच पुढे, ओळखीच्या, अनोळखी, सगळ्यांच्या. लोक म्हणतात, कारखानीस साहेब किती साधे. मला ते ऐकायला फार आवडतं. तुझ्या प्रश्नावर मी त्या दिवशी आवाज चढवला. आज एवढंच कळतं की मला घरी जाऊन साहेब व्हायचं असतं, आणि अलकनंदाला दुसऱ्या दिवशी सकाळी परत उभं राहायचं असतं.

तर आता ऐक. ती जागा घे. माझ्या मानेची काळजी करू नकोस, ती स्पॉन्डिलायटिसमुळे तशीही फिरत नाही. तू दोन वर्षं खपून मिळवलेली जागा माझ्यामुळे सोडलीस तर मला ते सहन होणार नाही. मला तू इथे हवी आहेस. हे लिहायला मी अर्धा कागद घालवला, पण लिहिलं.

बाबा


गुडगाव, १३ सप्टेंबर २०१२

तनया,

तू आईला सांगितलंस, ‘पत्रात लिहिणं सोपं असतं.’ मान्य. बिल्कुल मान्य. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. म्हणून मी एक बेत केला आहे.

मंडळाचा गणपती आहेच, पण आपल्या सोसायटीतही यंदा पहिल्यांदा गणपती बसतोय. मराठी घरं आपण धरून तीन-चार, बाकी सगळे मित्तल, अरोरा, भार्गव, पण उत्साह त्यांनाच जास्त. रोज संध्याकाळच्या आरतीचा प्रसाद एकेका घराकडे आहे. मी त्यांना खिरापत हा शब्द शिकवला. तुला तो आठवतो का? रोज नवा पदार्थ, आणि डब्यात काय आहे ते कुणाला आधी सांगायचं नाही. मित्तलजी आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, त्यांना ही कल्पना फार आवडली, ते सगळ्यांना ‘खिरापट, खिरापट’ करत सांगत फिरताहेत.

शनिवारी आपल्या घराची पाळी आहे. आई म्हणाली, खोबरं-खडीसाखर किंवा मोदक करू. मी म्हटलं, तू यात पडू नकोस, या वेळची खिरापत माझी. मी मॉर्निंग लूपचे डोनट आणणार, सगळ्यांना पुरतील एवढे. आरती झाली की माइक हातात घेऊन सांगणार, ही कंपनी माझ्या मुलीची, ती तिथे काउंटरवर उभी राहते, ट्रे उचलते, आणि लवकरच आपल्या गेटावर येणार आहे. अख्ख्या सोसायटीसमोर. मग तर तुला पटेल?

अलकनंदाकडे ऑर्डर देऊन आलो. ती नेहमीसारखी काहीबाही विचारायला लागली, ये वाला या वो वाला. मी म्हटलं, बेटा, जो मुझे रोज़ देती हो, वही. एवढ्या महिन्यांत तिला माझी सवय कळू नये का. पण मोठी ऑर्डर पाहून खूश झाली पोरगी.

तुला फोटो पाठवायला आईला सांगतो.

बाबा


गुडगाव, २४ सप्टेंबर २०१२

तनया,

फोटो आले नसतील. आईने काढलेच नाहीत.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण गणपतीसमोरच खरी करून दाखवणारा मी पहिलाच असेन. आरती झाली. मी माइक घेतला, तुझ्याबद्दल जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं बोललो. टाळ्या पडल्या. खोकी उघडली, देवापुढे ठेवली, वाटायला सुरुवात झाली. लोक खूश. बी ब्लॉकच्या भानुमतीजी, ज्यांचं कीर्तनमंडळ आहे आणि ज्या कांदाही खात नाहीत, त्यांनी एक खाल्ला आणि नातवासाठी दुसरा घेतला. मग त्यांनी खोकं हातात घेऊन चष्मा वर केला. खोक्यावर लाल ठिपका होता.

डोनटमध्ये अंडं होतं, तनया. बाप्पाच्या प्रसादात अंडं.

अलकनंदा जे विचारत होती ते हेच होतं. ‘एगवाला या एगलेस?’ मी ऐकलंच नाही, कारण मला प्रश्नांचा कंटाळा. आपल्या घरात अंडी, मासळी सगळं चालतं, त्यामुळे दुकानात बसून इतके दिवस खाल्ले तरी कधी मनात आलं नाही. खोक्यावरचं लिहिलेलं वाचलं नाही. मी, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर ‘नीट वाचून सादर करावे’ असे शेरे मारले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भानुमतीजी तिथेच खाली बसल्या. कुणी गुळण्या करायला धावलं, कुणी माझ्याकडे असं बघत होतं की मी मुद्दाम केलं. मित्तलजींनी त्याच रात्री कंपनीला तक्रार पाठवली की तुमच्या काउंटरवरच्या मुलीने न सांगता अंड्याचा माल दिला, आणि मार्केटवाल्यांनाही कळवलं की असलं दुकान आमच्या गेटाला नको. म्हणजे बघ. तुझ्यासाठी वाट काढायला गेलो आणि होती ती वाटही बंद करून आलो. हात दाखवून अवलक्षण.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मी पुन्हा माइक मागितला. द्यायला कुणी तयार नव्हतं. मी तसाच बोललो. म्हटलं, चूक माझी आहे, दुकानाची नाही. पोरीने विचारलं होतं, मी ऐकलं नाही. शिक्षा द्यायची तर मला द्या. भानुमतीजींच्या पाया पडायला गेलो तर त्या मागे सरकल्या, म्हणाल्या, ‘आप उमर में बड़े हैं, ये मत कीजिए,’ पण चेहऱ्यावरचा राग उतरला नाही. मित्तलजींनी अलकनंदावरची तक्रार मागे घेतली. दुकानाविरुद्धची मात्र घेतली नाही. रविवारी सोसायटीची सभा आहे, त्यात ठराव येणार.

आता मी तुला एक विचारतो आणि या वेळी मला खरंच माहीत नाही म्हणून विचारतो. एखाद्या दुकानात फक्त बिनअंड्याचे डोनट ठेवता येतात का? भट्टी वेगळी लागते का? कंपनी हे मान्य करते का? सभेत मला उभं राहून उत्तर द्यायचं आहे आणि माझ्याजवळ उत्तर नाही. हे तुझं काम आहे, मला यातलं काही कळत नाही. मदत कर.

तू माझ्यावर चिडली असशील तर चिड. पण जागा नाकारल्याचं अजून कळवू नकोस.

बाबा


गुडगाव, १ ऑक्टोबर २०१२

तनया,

मी पत्राची वाट पाहत होतो. तू स्वतः येशील असं ध्यानीमनीही नव्हतं.

काल सभेच्या वेळी क्लब हाउसच्या दारात कंपनीचा टी-शर्ट घातलेली मुलगी दिसली तेव्हा मला वाटलं अलकनंदा आली. मग तू टोपी काढलीस. वाळली आहेस. केस कापलेस ते बरे दिसतात. हे मी तिथे म्हणू शकलो असतो, पण तू सरळ पुढे जाऊन बसलीस आणि मी मागच्या रांगेत होतो.

मी सरकारात असंख्य सभा पाहिल्या आहेत. चिडलेल्या लोकांपुढे अधिकारी दोनच गोष्टी करतात, एक तर नियम वाचून दाखवतात नाही तर घाम पुसतात. तू काहीच केलं नाहीस, फक्त ऐकत राहिलीस. भानुमतीजी बोलत राहिल्या, अगदी त्यांच्या लहानपणच्या वृंदावनापर्यंत गेल्या, आणि तू मध्ये एकदाही तोंड उघडलं नाहीस. हे तू कुठे शिकलीस? आपल्या घरी तर कुणालाच येत नाही. मग तू म्हणालीस, ‘आंटी, आपकी जगह मेरी आई होती तो वो भी यही कहती.’ आणि सांगितलंस की बिनअंड्याचं दुकान होऊ शकतं, कंपनीची अशी दुकानं दुसऱ्या शहरांत आहेत, माल वेगळ्या जागी बनून येतो, आणि इथल्या मॅनेजरने लेखी मागणी केली तर मंजूर होतं. मित्तलजींनी विचारलं, ‘और मैनेजर कौन होगा?’

तू तेव्हा थांबलीस. आईने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. तू म्हणालीस, ‘मैं.’

ठराव बारगळला. त्यानंतर तू माइकवर म्हणालीस, ‘श्री विश्वास कारखानीसजी ने जो माफ़ी माँगी, उसके लिए कंपनी उनकी आभारी है.’ आई आजही ते आठवून हसते आहे. मग तू तिला मिठी मारलीस, बाहेर उभ्या असलेल्या रिक्षात बसलीस आणि बस पकडायला गेलीस. माझ्याकडे पाहिलंस, पण बोलली नाहीस. मी तोंड उघडलं असतं तर रडलो असतो आणि मित्तलजी शेजारीच उभे होते.

तू आईला सांगितलं आहेस की सध्या मैत्रिणीकडे राहशील, घरी नाही. बरं. मी तुझी खोली झाडून ठेवली आहे. ती वापरायलाच पाहिजे असं नाही, खोली आपली झाडलेली बरी.

बाबा


मॉर्निंग लूप, सोसायटीचं गेट
४ नोव्हेंबर २०१२, रविवार, दुपार

तनया,

हे पत्र तुझ्याच दुकानात बसून लिहितो आहे. तू काउंटरच्या आत आहेस आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर. पोस्टात टाकायची गरज नाही, जाताना हातात देईन.

सकाळपासून काय गर्दी आहे. दिवाळी जवळ आली म्हणून असेल, नाही तर तुझ्या दाराबाहेरच्या हिरव्या ठिपक्याच्या पाटीमुळे. भानुमतीजी पूर्ण कीर्तनमंडळ घेऊन आल्या होत्या. त्यांनी आधी प्रत्येक खोकं उलटसुलट करून पाहिलं, मग सात जणींसाठी ऑर्डर दिली. अलकनंदाला तू इथे मागून घेतलंस ते चांगलं केलंस. ती मला म्हणाली, ‘अंकल, यहाँ सब एगलेस है, अब आपसे कुछ नहीं पूछना पड़ेगा.’ मला चिडवते आता.

बाराच्या सुमाराला जे झालं ते लिहून ठेवतो. टेबलं भरलेली, माणसं ट्रे हातात घेऊन उभी, आणि चार टेबलांवर उष्ट्या प्लेटा तशाच. तुझी माणसं काउंटरवर अडकलेली. माझ्याने बसवेना. मी उठलो, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि उचलायला लागलो, एकावर एक रचून, पंगतीत उचलतो तसं. दोन टेबलं साफ केली. मित्तलजी रांगेत होते, म्हणाले, ‘अरे कारखानीस साहब, आप ये क्या…’ मी म्हटलं, बेटी का काम है. आणि थप्पी घेऊन थेट काउंटरच्या आत शिरलो.

तू वळलीस. ‘बाबा, बाहेर. कस्टमर आत येत नाहीत. हात धुतलेत का? ते ठेवा इथे आणि जागेवर जाऊन बसा, प्लीज.’

सगळ्या दुकानासमोर. मराठीत. दोन वर्षांत तू मला बोललेली ही पहिली वाक्यं, आणि सगळी ओरडायचीच. मी मुकाट्याने ठेवलं आणि जाऊन बसलो. माझा चेहरा पाहून मित्तलजींना वाटलं मला वाईट वाटलं. ते समजूत घालायला आले, बच्चे हैं, काम का टेंशन होता है. मी त्यांना काय सांगणार? मला वाटत होतं, अजून थोडं ओरड.

बसलो, पण बसणं फार अवघड गेलं. थोड्या वेळाने तू स्वतः आलीस. माझी प्लेट उचललीस, कप उचललास, टेबल पुसलंस, माझा पेपर उचलून खाली पुसलंस आणि परत ठेवलास. माझे हात आपोआप पुढे होत होते. मी ते मांडीवर धरून ठेवले आणि तुला करू दिलं. तुझं काम तू नीट करतेस. कोपरेही पुसतेस.

आता गर्दी ओसरली आहे. तू काहीतरी मोजते आहेस, मध्येच मानेला हात लावतेस. माझीच मान घेतलीस. तू टोपी काढलीस. आतल्या दाराने बाहेर येते आहेस. इकडेच येते आहेस. थांबतो.

पुढचं लिहितो. तुझी सुट्टी पंधरा मिनिटांची होती, ती संपली आणि तू परत आत गेलीस. आलीस ती माझ्या समोरच्या खुर्चीवर बसलीस, पाय लांब केलेस आणि डोळे मिटलेस. मी विचारलं, काही खातेस का, डोनट मागवू? तू डोळे न उघडता म्हणालीस, ‘बाबा, त्याचा वाससुद्धा नको. सकाळपासून साखरेत उभी आहे.’ मग थोडं थांबून विचारलंस, ‘घरी काय केलंय आईने?’

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं पानात पडेल ते जेवलो, कधी विचारलं नाही. तुझ्यासमोर तसं म्हणायची लाज वाटली म्हणून आईला फोन लावला. विचारलं, आज काय केलं आहेस? ती म्हणाली, कधी नव्हे ते आज कसं विचारताय? मी म्हटलं, तनया विचारते आहे. मग ती म्हणाली, काही नाही केलं अजून, तिला काय हवं ते विचारा. मी फोन तुझ्या हातात दिला आणि बाल्कनी नव्हती म्हणून तिथेच बसून सगळं ऐकलं. तुला वरणफळं हवी आहेत, वर भरपूर तूप. आणि चादरी धुतलेल्या आहेत का तेही तू विचारलंस.

धुतलेल्या आहेत. मीच धुतल्या.

सहाला तुझी शिफ्ट संपते. अलकनंदाने मला आत्ता सांगितलं की ऑर्डर न देता एवढा वेळ बसता येत नाही, म्हणून एक कॉफी मागवली आहे, बिनसाखरेची. ती पुरवून पुरवून पितो आहे. तुझं आटोपलं की ये, बरोबर जाऊ. आईने कणीक मळायला घेतली असेल.

बाबा